पाचट ठेवलं म्हणून ईसी वाढली? दोष पाचटाचा की मोजणीचा

येरवडा (पुणे) : बंडगार्डनच्या बंधाऱ्यावरून मुळा-मुठा पुढे निघते, तिथून तिच्या पाण्यावरची शेती सुरू होते. शहरात आता शेत म्हणावं असं फारसं उरलेलं नाही. येरवड्याच्या खुल्या कारागृहात कैदी शेती करतात, भाजीपाला पिकवतात, तेवढी जमीन नांगराखाली आहे. बाकी सगळं काँक्रीट. पण नदी ओलांडून मांजरी, थेऊरकडे गेलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो, आणि तो पार दौंड तालुक्यातल्या राहू-वाळकीच्या संगमापर्यंत सोबत करतो. या पट्ट्यात तोडणीचा हंगाम आला की पारावर एकच वाद रंगतो. पाचट पेटवायचं की सरीत ठेवायचं?

या वादात अलीकडे एक नवा शब्द शिरलाय, ईसी. म्हणजे मातीची विद्युत वाहकता. आधी तो फक्त माती परीक्षणाच्या कागदावर असायचा आणि त्याकडे कुणी बघत नसे. आता मोबाईलवर दिसतो. शेतात रोवायचे सेन्सर आलेत, हातात धरून मातीत खुपसायची छोटी यंत्रं आलीत. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, त्याची चर्चा गावोगाव झाली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाअॅग्री-एआय धोरणाला मान्यता दिली. त्यामुळे पुढच्या दोन-चार वर्षांत हे आकडे आणखी शेतकऱ्यांच्या हातात येणार हे नक्की. आकडा येणं चांगलंच. अडचण आकडा वाचण्यात आहे.

कारण असं होतं. शेजारी शेजारी दोन प्लॉट असतात. एकात पाचट पेटवलेलं, दुसऱ्यात सरीत ठेवलेलं. मार्च-एप्रिलमध्ये सेन्सर लावला तर पाचटाच्या प्लॉटमध्ये ईसी जास्त दिसते. मग बातमी पसरते, पाचटानं जमीन खारवते. नदीच्या पाण्यावरच्या शेतकऱ्याला खारवण्याची धास्ती आधीपासूनच असते, त्यामुळे असलं काही लगेच पटतं. पुढच्या वर्षी काडी लागते. एकरी तीन-चार टन सेंद्रिय माल तासाभरात धूर होऊन जातो.

ईसी म्हणजे नेमकं काय

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. त्यात क्षार विरघळले की वाहते. जेवढे विरघळलेले क्षार जास्त, तेवढी वाहकता जास्त. एवढं साधं आहे. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळतात, निवळू देतात आणि मीटर बुडवतात. आकडा डेसीसायमन प्रति मीटर या एककात येतो. या पद्धतीत १ च्या आत आकडा असला की जमीन सर्वसाधारण समजतात. १ च्या पुढे बियाण्याच्या उगवणीवर परिणाम व्हायला लागतो, २ च्या पुढे नाजूक पिकं त्रास काढतात.

आता इथे पहिली गफलत. पुस्तकात, यूट्यूबवर सगळीकडे ४ हा आकडा ऐकू येतो, ४ च्या वर गेली की क्षारयुक्त जमीन. तो ४ अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या क्षार प्रयोगशाळेच्या १९५४ च्या हँडबुकातून जगभर गेलाय आणि तो वेगळ्या पद्धतीचा आहे. त्यात मातीचा पाण्यात लगदा करून, त्यातलं पाणी ओढून मोजतात. तिथे पाणी कमी असतं म्हणून तीच माती जास्त आकडा दाखवते. अडीचपट पाण्यात मोजलेला १.५ बघून कुणी म्हणत असेल की ४ ला अजून बराच अवकाश आहे, तर तो स्वतःला फसवतोय.

आणि शेतात रोवलेला सेन्सर तिसरंच काहीतरी मोजतो. त्याला ना मातीत पाणी घालता येतं, ना लगदा करता येतो. समोर जी माती आहे, तिच्यातली ओल, चिकणमाती, उष्णता, क्षार आणि हवा, या सगळ्यांमधून मिळून वीज किती गेली तेवढं तो सांगतो. तीन पद्धती, तीन आकडे, आणि तिन्हींना नाव मात्र ईसी.

पाचटाखाली सेन्सर जास्त का दाखवतो

पाचट ठेवलेल्या सरीत ओल टिकते. हे सांगायला शास्त्रज्ञ नको, पाचट बाजूला सारून हात घातला की कळतं. आता ओली माती वीज चांगली नेते, कोरडी माती नेत नाही. क्षार दोन्हीकडे सारखेच असले तरी ओल्या जागी सेन्सर जास्त आकडा दाखवणार. म्हणजे शेतकऱ्याला जे क्षार वाटले ते पुष्कळदा पाणी असतं.

याची उलटी बाजू जास्त घातक आहे. उघड्या प्लॉटमध्ये पाणी देऊन आठ-दहा दिवस झाले, माती सुकत आली, की सेन्सरवरची ईसी खाली यायला लागते. शेतकऱ्याला वाटतं, बरं झालं, क्षार कमी झाले. प्रत्यक्षात क्षार कुठेच गेलेले नसतात. पाणी उडून गेलं आणि उरलेल्या थोड्या पाण्यात तेच क्षार दाट झाले. आमटी आटली की खारट होते तसं. मुळांना तेच दाट पाणी ओढावं लागतं. म्हणजे सेन्सर आराम सांगत असतो त्याच वेळी पिकाला ताण बसत असतो. चांगल्या सेन्सरला ओलीचा आकडाही सोबत असतो आणि तो वापरून दुरुस्त आकडा काढता येतो. विकत घेताना कंपनीच्या माणसाला हाच प्रश्न विचारावा की हा कच्चा आकडा आहे की ओल धरून दुरुस्त केलेला? उत्तर देताना तो अडखळला तर समजून जावं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. तापमान एक अंशाने वाढलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून सगळीकडे २५ अंशाला आणून आकडा सांगायची रीत आहे. एप्रिलच्या दुपारी उघड्या मातीचा वरचा थर आणि पाचटाखालचा थर यात समजा दहा अंशांचा फरक असला, तर केवळ त्यामुळे आकड्यात वीस टक्क्यांच्या आसपास फरक पडू शकतो. इथे उघडी जमीन जास्त दाखवेल, पाचटाखालची कमी. स्वस्तातल्या यंत्रात ही दुरुस्ती असेलच याचा भरवसा नाही. सकाळी एका प्लॉटमध्ये आणि भर दुपारी दुसऱ्यात मोजून तुलना करणारे महाभागही आहेतच.

तिसरी, संपर्काची. यंत्राच्या सळया मातीला घट्ट चिकटल्या पाहिजेत. मध्ये पाचटाचा तुकडा, बुडख्याचा भाग किंवा पोकळी आली तर वीज अडते आणि आकडा एकदम खाली पडतो. मोठ्या देशांत ट्रॅक्टरमागे लोखंडी चकत्या ओढून सगळ्या शेताचा ईसी नकाशा काढतात. तिथेही हीच तक्रार असते, काडीकचरा दाट असला की चकती तो कापत नाही, उलट दुमडून मातीत दाबते आणि आकडे बिघडतात. मातीला न टेकता चुंबकीय पद्धतीने मोजणारी यंत्रंही आहेत, त्यांना संपर्काची अडचण नाही. पण पाचटाच्या जाड थरामुळे यंत्र जमिनीपासून वर राहिलं की तेही कमी दाखवतं.

म्हणजे पाचटामुळे सेन्सरचा आकडा वरही जाऊ शकतो आणि खालीही. मातीतल्या क्षारांचा यात अजून संबंधच आलेला नाही.

बरं, पाचटात क्षार असतातच ना?

असतात, आणि हे मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे. पानांमध्ये पालाश असतो. तो वनस्पतीच्या अंगात घट्ट बांधलेला नसतो, पाण्यात लगेच उतरतो. वाळलेल्या पाचटावर एक-दोन पाऊस किंवा दोन पाणी पडली की बराचसा पालाश धुऊन मातीत येतो, पाचट कुजायची वाट तो बघत नाही.

पण किती? हेक्टरी आठ-दहा टन पाचटातून पालाश ७५ ते १०० किलो मिळतो असं कृषी विद्यापीठाचे लोक सांगतात. म्हणजे एकरी ३० ते ४० किलो. एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन भरतं साधारण नऊ लाख किलो. नऊ लाख किलोत चाळीस किलो! सगळाच्या सगळा पालाश विरघळलेला धरला, मातीच्या कणांनी त्यातला काहीही धरून ठेवला नाही असं मानलं, तरी प्रयोगशाळेतल्या अडीचपट पाण्याच्या मोजणीत ईसी वाढते ती ०.०५ च्या आसपास. ०.४० ची ०.४५ होईल. आणि खरं तर काळी माती पालाश धरून ठेवते, त्यामुळे तेवढीही होत नाही.

आता दुसरीकडे पाण्याचा हिशोब करून बघू. समजा पाण्याची ईसी १ आहे. म्हणजे एका लिटरमध्ये साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार. एकराला तीन इंच पाट पाणी दिलं की तीन लाख लिटर झालं. त्यात क्षार येतात १९० किलोच्या वर. एका पाण्याला! उसाला वर्षभरात वीस पाणी दिली तर पावणेचार टनांच्या पुढे. त्यातले काही खाली निचरून जातात, काही चुनखडी होऊन बसतात, पावसात धुतले जातात. तरीही ४० किलो कुठे आणि पावणेचार टन कुठे.

म्हणून येरवड्याच्या बंधाऱ्यापासून ही गोष्ट सुरू करावी लागते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून नदीचं पाणी उचलून जुन्या कालव्यात सोडलं जातं, ते हवेली, दौंड आणि इंदापूरच्या शेतीसाठी. पुणे महापालिका आणि जलसंपदा विभागाच्या व्यवहारात याचा आकडा वर्षाला साडेसहा टीएमसी असा बोलला जातो. धरणाचं पाणी शहराला, शहराचं वापरलेलं पाणी शेतीला, असा हा सौदा. घरात वापरलेल्या पाण्यात साबण, सोडा, मीठ मिसळतं. शुद्धीकरण प्रकल्पात घाण, दुर्गंधी कमी होते, पण विरघळलेलं मीठ नेहमीच्या प्रक्रियेत निघत नाही. ते पाण्यासोबत शेतापर्यंत येतं. या पाण्यावर ऊस पिकतो हे खरंच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याच्या शेताला निचरा नाही त्याने ईसी वाढल्याचा आळ पाचटावर घेणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

हा भाग खारवण्याला नवा नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पंचवीस वर्षांच्या आत नीरा खोऱ्यातल्या खारवटलेल्या जमिनींवर सरकारला पुस्तिका काढावी लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तमहाणे यांनी १९१० मध्ये ती लिहिली. कारण तेव्हाही तेच होतं, जास्त पाणी आणि नसलेला निचरा. तेव्हा सेन्सर नव्हते. वरंब्यावर पांढरं फुटलं की लोकांना कळायचं.

वरंब्यावरच का फुटतं, हेही यात आलं. सरीतलं पाणी वर चढतं, ऊन ते उडवतं, मीठ वर राहतं. पाचटाचं आच्छादन हेच तर रोखतं. उडणारं पाणी कमी झालं की मीठ वर येणंही कमी होतं. म्हणजे क्षारपड होऊ घातलेल्या शेतात पाचट हा आजारावरचा पूर्ण इलाज नसला तरी पथ्य नक्की आहे. मात्र निचराच नसेल, पाणी वर आलेलं असेल, तर पाचटही काही करू शकत नाही. तिथे चर किंवा सच्छिद्र पाइप लागणारच. जमीन चोपण असेल, म्हणजे सोडियम वाढलेलं असेल, तर ईसी कमी दिसूनही जमीन बिघडलेली असते. तिथे सामू आणि सोडियमची तपासणी करून मगच जिप्समचं बघावं.

पेटवलं तर काय दिसतं

पाचट पेटवलं की नत्र आणि सेंद्रिय कर्ब बहुतेक उडून जातो. पालाश राखेत राहतो. "राख पण खतच की" असं जे म्हातारी माणसं म्हणतात, ते पालाशापुरतं बरोबर आहे. पण राखेतले क्षार लगेच विरघळणारे असतात आणि राख अल्कधर्मी असते. जाळल्यानंतर आठवडाभरात वरची इंचभर माती खरवडून नमुना नेला तर ईसी आणि सामू दोन्ही चढलेले दिसतील. जिथे ढीग करून पेटवलं त्या जागेवर तर विचारूच नका. पुढे पाणी पडलं की ते खाली पसरतं आणि आकडा उतरतो. म्हणजे पेटवलेल्या शेताचा आकडाही नमुना कधी घेतला यावर नाचतो.

पाचट कुजवताना आणखी एक वळण येतं. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडं. कुजवणारे जिवाणू सुरुवातीला मातीतलंच नत्र ओढून घेतात. त्या काळात खोडवा पिवळसर दिसतो आणि शेतकरी घाबरून "पाचटानं पीक बसलं" म्हणतो. त्यासाठीच हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायची शिफारस आहे. नंतर कुजलेल्या मालातून नत्र मोकळं होतं, नायट्रेट वाढतं आणि ईसी किंचित वर जाते. ही वाढ म्हणजे पिकाचं खाणं आहे, खार नव्हे. ईसीचा मीटर क्षारांना नाव विचारत नाही. नायट्रेट असो की मीठ, त्याला सगळे सारखेच. गंमत म्हणजे युरिया विरघळला तरी तो लगेच ईसी वाढवत नाही, त्याचं अमोनियममध्ये रूपांतर झाल्यावर वाढवतो. त्यामुळे खत टाकल्यावर चार दिवसांनी एक आकडा आणि पंधरा दिवसांनी दुसरा आला तर यंत्र बिघडलं असं समजू नये.

नमुना घेतानाच निम्मा घोळ

मृद आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सुरतगडमधून सुरू झाली. बारा गोष्टी तपासून त्यात लिहितात, त्यात सामू आणि सेंद्रिय कर्बासोबत ईसी असते. कागद चांगला आहे. पण तो पिशवीत आलेल्या अर्धा किलो मातीबद्दल बोलतो, शेताबद्दल नाही. पिशवी भरणाऱ्याने बांधावरूनच दोन मुठी भरल्या तर पत्रिका बांधाची.

पाचट असलेल्या शेतात नमुना घेताना आधी ते बाजूला सारावं. नुसतं वरचं वर नाही, कुजलेला काळा भुसाही हाताने सारून खरी माती दिसली पाहिजे. मग इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची कड कापावी, उसासाठी एक फुटापर्यंत. वरची इंचभर खरवडलेली माती आणि फूटभराची माती यांच्या आकड्यात पाचट किंवा राख असलेल्या शेतात मोठा फरक पडतो. वर जो ०.०५ चा हिशोब केला तो सहा इंचांचा होता, तेवढाच पालाश एका इंचात धरला तर ०.३ होतो.

सरी आणि वरंबा यांचे नमुने एकत्र करायचे की वेगळे, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. खताच्या शिफारशीसाठी एकत्र चालतील. पण क्षारांचा संशय असेल तर वेगळेच घ्यावेत आणि खोलीप्रमाणेही, सहा इंच, बारा इंच, दोन फूट असे. मीठ वर आहे की खाली, यावरच तर पुढचा खर्च ठरतो.

ओला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर मोटारसायकलच्या डिकीत फिरवला, तर आत पाचटाचे तुकडे कुजत राहतात, नायट्रेट वाढतं, ईसीही. सावलीत पसरून वाळवायचा आणि काड्या वेचून काढायच्या, याला पाच मिनिटंही लागत नाहीत. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरून नेण्याची सवय तर अजून गेलेली नाही.

तुलना करायची असेल तर ती न्यायाने करावी. एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन्ही प्लॉटला पाणी दिल्यानंतर सारख्याच दिवसांनी, सारख्याच खोलीवर. आणि सेन्सर काहीही म्हणाला तरी त्याच जागची माती प्रयोगशाळेत द्यावी. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे, जिल्ह्याची सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या मोजणीत माती वाळवून, चाळून, ठरलेलं पाणी घालतात, त्यामुळे ओलीचा आणि संपर्काचा घोळ निघून जातो. सेन्सरचा खरा उपयोग एकाच जागेवर महिनोन्महिने आकडा कसा सरकतो ते बघण्यासाठी. शेजाऱ्याच्या आकड्याशी भांडायला तो कामाचा नाही.

नमुन्यासोबत जो कागद भरून देतात त्यात शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, आधीचं पीक असतं. पाचट ठेवलंय, पेटवलंय की रोटाव्हेटरने गाडलंय, शेवटचं खत कधी टाकलं, पाणी कुठलं, या चार ओळी कोऱ्या जागेत हाताने लिहून दिल्या तर प्रयोगशाळेतल्या माणसाला आकड्याचा अर्थ लावता येईल. आणि मातीच्या पिशवीबरोबर पाण्याची एक बाटली न्यावी, ज्या पाण्यावर ऊस उभा आहे त्याच पाण्याची, पंप पंधरा मिनिटं चालल्यावर भरलेली. नदीकाठच्या आणि जुन्या कालव्यावरच्या गावांत माती तपासणारे शेतकरी आता बरेच भेटतात. पाणी तपासलंय का विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात.